डब्यातले आयसोपॉड : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

आयसोपॉड पाळणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी इतकी आली की संपूर्ण सदर त्यांनाच देत आहोत. पत्रांतल्या अडचणी निरनिराळ्या असल्या तरी बहुतेकींचे मूळ एकच आहे. पाळणारा या प्राण्याला किडा समजून वागवतो. प्रत्यक्षात तो कोळंबी आणि खेकडा यांच्या गटातला कवचधारी प्राणी आहे. त्याचे पूर्वज समुद्रात राहत होते आणि जमिनीवर येताना त्यांनी पाण्याची गरज पूर्णपणे मागे सोडली नाही. जमिनीवर राहणाऱ्या आयसोपॉडच्या ३,५०० हून अधिक जातींची नोंद झाली आहे आणि त्या सर्वांना ही गरज कमी-अधिक प्रमाणात लागू आहे. म्हणून पहिले उत्तर सविस्तर दिले आहे. पुढची उत्तरे वाचताना ते लक्षात ठेवावे.

प्रश्न : माझ्याकडे पॉर्सेलिओ स्केबर जातीचे काही आयसोपॉड आहेत. त्यांना ओलावा लागतो असे वाचल्यामुळे मी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी फवारते, डब्याचे झाकण घट्ट लावते आणि आतली माती कधीही सुकू देत नाही. तरीही दोन-तीन दिवसांआड एखादा मेलेला आढळतो. ओलावा आणखी वाढवावा काय?

उत्तर : वाढवू नये. आपल्या वर्णनावरून पाहता ओलावाच त्यांच्या जिवावर उठला असण्याची शक्यता अधिक आहे. हे का घडते ते समजण्यासाठी आयसोपॉड श्वास कसा घेतो ते पाहावे लागेल. त्याच्या शरीराच्या मागच्या भागात, खालच्या बाजूस, पातळ पाकळ्यांसारख्या अवयवांच्या पाच जोड्या असतात. पाण्यात राहणाऱ्या जातींमध्ये हेच अवयव कल्ल्यांचे काम करतात. पॉर्सेलिओ आणि आर्माडिलिडियम या प्रजातींत त्यांपैकी पहिल्या दोन जोड्यांमध्ये हवा खेळवणाऱ्या सूक्ष्म नळ्यांचे जाळे तयार झाले आहे. काचेच्या बरणीत ठेवून प्राणी खालून पाहिला तर तेथे पांढरे ठिपके दिसतात. ती त्याची फुप्फुसे होत. हे अवयव ओलसर राहिले तरच त्यांतून प्राणवायू आत शिरतो, त्यामुळे कोरड्या जागी आयसोपॉड गुदमरतो. मात्र त्यांच्यावर पाणी साचून राहिले तर हवेशी असलेला संबंध तुटतो आणि प्राणी जमिनीवरच बुडू लागतो.

दुसरी गोष्ट कवचाची. कीटकांच्या अंगावर मेणाचा थर असतो, तो आतले पाणी उडू देत नाही. आयसोपॉडला असा थर नसतो, त्यामुळे त्याच्या शरीरातले पाणी सतत कमी होत राहते. मोकळ्या निसर्गात तो यावर हालचालीने मात करतो : अंग सुकू लागले की दगडाखाली किंवा पाचोळ्याच्या खालच्या थरात जातो, आणि पाणी जास्त झाले की वर कोरड्यात येतो. तो अनेकदा इतरांना चिकटून घोळक्याने बसतो, तेही याच कारणाने. डब्ल्यू. सी. ॲली या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये या घोळक्यांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. कोरड्यात एकेकट्याने राहणाऱ्यांपेक्षा एकत्र बसलेल्या आयसोपॉडच्या शरीरातले पाणी सावकाश कमी होते, ही गोष्ट अशा अभ्यासांतून पुढे आली. आपल्या डब्यातले सगळे आयसोपॉड एका कोपऱ्यात ढिगाने बसलेले दिसले तर ते त्यांच्या प्रेमाचे लक्षण मानण्याआधी उरलेली जागा त्यांना मानवत नाही ना, हे तपासावे.

तेव्हा आपण त्यांना निवड करू द्यावी, हाच उपाय आहे. डब्याच्या लांबीचा साधारण एक तृतीयांश भाग ओला ठेवावा, त्यावर शेवाळाचा जाड थर अंथरावा आणि पाणी फक्त त्याच टोकाला, सावकाश ओतावे. फवारणीने वरचा थर सगळीकडे सारखा भिजतो आणि खालचा कोरडाच राहतो, म्हणून मी ती पद्धत सुचवत नाही. ओल्या टोकाची माती पिळून काढलेल्या फडक्याइतकी ओलसर असावी. मुठीत दाबल्यावर तिच्यातून पाणी गळू नये. दुसरे टोक वरून कोरडे दिसले तरी हरकत नाही, तेथे पाचोळा आणि झाडाच्या सालीचे तुकडे ठेवावेत. मातीची खोली पाच ते आठ सेंटिमीटर असेल तर खालच्या थरात ओल टिकून राहते आणि रोज पाणी घालण्याची गरज उरत नाही. पाणी कधी घालावे हे घड्याळावरून ठरवू नये. शेवाळ उचलून बोट लावून पाहावे आणि मग ठरवावे.

घट्ट झाकणाचा आणखी एक तोटा आहे. आयसोपॉड शरीरातला टाकाऊ नत्र मुख्यतः अमोनिया वायूच्या रूपात बाहेर सोडतो. हवा खेळत नसेल तर हा वायू आणि कुजण्यातून निघणारे इतर वायू डब्यात साठतात. डब्याच्या समोरासमोरच्या दोन भिंतींना भोके पाडून त्यांवर बारीक जाळी चिकटवावी. एका बाजूची भोके थोडी खाली आणि दुसऱ्या बाजूची वर असली तर हवा आपोआप फिरते. झाकण उघडल्यावर पावसाळी मातीचा वास आला तर सर्व ठीक आहे. आंबट किंवा उग्र वास आला तर माती बदलावी आणि भोके वाढवावीत. डबा उन्हात ठेवू नये. बहुतेक प्रचलित जातींना २० ते २६ अंश सेल्सिअस तापमान मानवते.

प्रश्न : मी आठवड्यातून तीन वेळा गाजर, काकडी आणि माशांचे कोरडे खाद्य देतो. आयसोपॉड ते खातात, पण उरलेल्या अन्नावर बुरशी येते, आणि त्यांची संख्या काही वाढत नाही. आहारात काय कमी पडते?

उत्तर : आपल्या पत्रात पाचोळ्याचा उल्लेख नाही, आणि नेमकी तीच उणीव असावी. गाजर आणि काकडी हा वरचा खाऊ आहे. आयसोपॉडचे खरे अन्न म्हणजे कुजत चाललेली पाने आणि लाकूड, आणि या अन्नावर वाढणारी बुरशी व सूक्ष्मजीव. डब्यात पानांचा थर कायम असला पाहिजे; पाने संपून त्यांच्या केवळ शिरा उरल्या की नवीन पाने घालण्याची वेळ झाली असे समजावे. झाडावरून आपोआप गळलेली, तपकिरी झालेली रुंद पाने घ्यावीत. ओक आणि देशी बदाम यांची पाने पुष्कळ जण वापरतात. चीड-देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांची आणि लिंबाच्या जातीतल्या झाडांची उग्र वासाची पाने टाळावीत. रस्त्याकडेची किंवा कीटकनाशक फवारलेल्या बागेतली पाने कदापि आणू नयेत, कारण कीटकांना मारणारी बहुतेक औषधे आयसोपॉडलाही मारतात आणि त्यांचे अवशेष पानांवर दीर्घकाळ टिकतात. आणलेल्या पानांवर उकळते पाणी ओतून ती निथळून घ्यावीत. त्यामुळे कोळी, गोमा आणि त्यांची अंडी डब्यात शिरत नाहीत.

पाचोळ्याइतकेच महत्त्व मी कुजलेल्या लाकडाला देईन. पांढरट झालेले, हाताने चुरता येईल इतके मऊ लाकूड शोधावे. बुरशीने त्यातला कठीण अंश आधीच मोडलेला असतो, त्यामुळे ते पचते आणि पिल्लांना लपायला जागाही मिळते. पुष्कळ पाळणारे याकडे दुर्लक्ष करतात आणि मग पिल्ले जगत नाहीत म्हणून हळहळतात.

कवच चुन्याचे असल्यामुळे कॅल्शियम सदैव उपलब्ध असावे. समुद्रफेनाचा एक तुकडा कोरड्या बाजूस ठेवून दिला, किंवा अंड्याची कवचे उकळून, वाळवून त्यांची पूड पसरली, तरी पुरते. प्रथिनांसाठी माशांचे कोरडे खाद्य किंवा सुकी कोळंबी आठवड्यातून एकदा, चिमूटभर द्यावी आणि दुसऱ्या दिवशी उरलेली काढून टाकावी. प्रथिने अजिबात मिळाली नाहीत तर आयसोपॉड नुकत्याच कात टाकलेल्या, मऊ अंगाच्या सोबत्यांना कुरतडतात; प्रथिने फार झाली तर माइट, म्हणजे कोळ्याच्या गटातले अतिसूक्ष्म जीव, वाढतात.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आयसोपॉड आपली विष्ठा पुन्हा खातात. हे पाहून काही जण अस्वस्थ होतात आणि दर महिन्याला सगळी माती बदलून डबा धुऊन काढतात. तसे करू नये. आयसोपॉडच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य तांब्यावर आधारलेले आहे. आपल्या रक्तात हे काम लोहयुक्त द्रव्य करते. पानांतले तांबे एका वेळच्या पचनात पुरेसे सुटत नाही. सूक्ष्मजीवांनी पुन्हा मोडलेली विष्ठा खाल्ल्याने ते त्यांना अधिक मिळते. त्यामुळे मातीवर दिसणारे बारीक काळे कण त्यांच्या पोषणाचा भाग आहेत. वर्षातून एखाद्या वेळी अर्धी माती बदलणे पुरेसे आहे, आणि तीही नीट चाळून, कारण बहुतेक पिल्ले त्यातच असतात.

प्रश्न : माझ्या एका आयसोपॉडचा मागचा अर्धा भाग फिकट आणि पुढचा गडद झाला आहे. तो दोन दिवस हललेला नाही. हा रोग आहे काय? त्याला वेगळे ठेवू का?

उत्तर : हा रोग नाही, तो कात टाकत आहे. आयसोपॉड आपले कवच दोन टप्प्यांत बदलतो : आधी मागचा अर्धा भाग, आणि एक-दोन दिवसांनी किंवा थोड्या अधिक काळाने पुढचा. यामुळे त्याचा निम्मा भाग तरी सदैव टणक राहतो. कात टाकण्यापूर्वी तो जुन्या कवचातले कॅल्शियम काढून घेऊन शरीराच्या पुढच्या भागात, खालच्या बाजूस साठवतो. तेथे पांढरे पट्टे दिसू लागले की कात जवळ आली असे ओळखावे. टाकलेली कात तो खाऊन टाकतो, ती काढून घेऊ नये. या काळात त्याला उचलणे, फिरवणे किंवा दुसऱ्या डब्यात हलवणे धोक्याचे आहे. त्याला आहे तेथेच राहू द्यावे.

प्रश्न : डब्यात मोहरीहूनही लहान, पांढरे, चालणारे ठिपके दिसू लागले आहेत. ही पिल्ले आहेत की उपद्रवी जीव?

उत्तर : तीन शक्यता आहेत आणि भिंगाने त्या वेगळ्या ओळखता येतात. स्पर्श केल्यावर ठिपका उडी मारत असेल तर तो स्प्रिंगटेल होय. तो बुरशी खातो, निरुपद्रवी असतो आणि कित्येक जण तो मुद्दाम डब्यात सोडतात. अंग गोल, फुगीर आणि तुकतुकीत असेल, आणि असे पुष्कळ ठिपके अन्नाच्या तुकड्यावर जमत असतील, तर ते माइट होत. अंग लांबट असून त्यावर आडव्या वलयांच्या रेषा दिसत असतील आणि हुबेहूब मोठ्या आयसोपॉडची लहान प्रतिकृती वाटत असेल, तर आपले अभिनंदन, ती पिल्लेच आहेत. 

मादी अंडी जमिनीत घालत नाही. पायांच्या मधोमध, पोटाखाली पातळ पडद्यांची एक थैली तयार होते, तिच्यात द्रव भरलेला असतो आणि अंडी त्यातच वाढतात. समुद्र सोडून आलेल्या या प्राण्याने पिल्लांसाठी लागणारे पाणी असे बरोबर आणले, हे मला त्याच्या सगळ्या जीवनक्रमातले सर्वांत विलक्षण वाटते. थैलीतून बाहेर पडणाऱ्या पिल्लाला पायांच्या सहाच जोड्या असतात; सातवी जोडी पुढच्या कातींनंतर येते. म्हणून भिंगाखाली पाय मोजून बारा आले तर गोंधळू नये. पोट फिकट पिवळसर आणि फुगलेले दिसणारी मादी असेल तर तिला हात लावू नये, आणि त्या काळात ओला कोपरा सुकू देऊ नये, कारण पिल्ले मोठ्यांपेक्षा फार लवकर सुकतात.

माइट निघालेच तर घाबरून औषध फवारू नये. ते आयसोपॉडलाही मारेल. गाजर, माशांचे खाद्य असे सर्व वरचे अन्न काही आठवडे बंद करावे, पाचोळा तेवढा ठेवावा, हवा वाढवावी आणि डबा थोडा कोरडा होऊ द्यावा. अन्न संपले की त्यांची संख्या आपोआप घटते. रात्री गाजराची एक चकती ठेवून सकाळी तिच्यावर जमलेले माइट चकतीसकट फेकून देणे, हा उपायही चालतो.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझ्याकडे अंगाचा गोळा करणारे आयसोपॉड आहेत. मी त्यांना रोज हातावर घेऊन गोळा करायला लावतो. ते चावतील का? आणि त्यांना हे आवडते का?

उत्तर : ते चावत नाहीत आणि त्यांच्यापासून तुला काही अपाय होत नाही. पण गोळा होणे हा त्यांचा खेळ नाही. आर्माडिलिडियम आणि क्युबॅरिस या प्रजातींतले आयसोपॉड भीती वाटली की पाय आणि मऊ पोट आत घेऊन बंद होतात. तू त्यांना रोज तसे करायला लावलेस तर ते रोज घाबरतात, आणि तेवढा वेळ त्यांचे खाणे-फिरणे थांबते. त्यापेक्षा रात्री खोलीत अंधार करून लाल उजेडाची विजेरी लाव आणि झाकण हळूच उघड. मग ते पाने कशी कुरतडतात, शिंगांसारख्या स्पर्शकांनी वाट कशी चाचपतात, एकमेकांवरून कसे चढून जातात, हे सगळे तुला दिसेल. कधी हातावर घ्यायचेच असेल तर आधी हात साध्या पाण्याने धुऊन ओलसर ठेव, आणि साबण, मलम किंवा डास पळवण्याचे औषध लावलेले असेल तर घेऊच नकोस. नंतर मात्र साबणाने हात धू.

तुझ्या पत्रात बागेत सापडलेल्या काळ्या, चकचकीत गोळ्याचाही उल्लेख आहे. तो आयसोपॉड नसून गोळा होणारा पैसा किडा असू शकतो. उलगडून चालू लागला की त्याचे पाय पाहा : आयसोपॉडला पायांच्या सात जोड्या असतात, पैसा किड्याला त्याहून कितीतरी जास्त, आणि बहुतेक वलयांना दोन-दोन जोड्या असतात. त्याचा आहार आणि गरजा वेगळ्या आहेत, म्हणून त्याला जिथे सापडला तिथेच सोडून दे.

प्रश्न : एक आयसोपॉड अचानक चमकदार जांभळा-निळा झाला आहे. नवा रंग तयार झाला म्हणून मी त्याच्यापासून पैदास करावी काय?

उत्तर : मुळीच करू नये. करड्या प्राण्याला अशी धातूसारखी निळी-जांभळी झळाळी येणे हे इरिडोव्हायरस या विषाणूच्या संसर्गाचे लक्षण आहे. विषाणूचे कण पेशींमध्ये स्फटिकासारखे रचले जातात आणि त्यांवरून प्रकाश परावर्तित होऊन हा रंग दिसतो. यावर उपचार नाही, आणि असा प्राणी सहसा लवकर मरतो. मेलेल्याला इतरांनी खाल्ले तर संसर्ग त्यांच्यात पसरू शकतो, म्हणून त्याला आजच बाजूला काढावे, त्या डब्यातले कोणतेही साहित्य दुसऱ्या डब्यात वापरू नये आणि काही महिने त्यातले प्राणी कुणाला देऊ नयेत. माणसाला याचा धोका नाही. पॉर्सेलिओनिडीस प्रुइनोसस या जातीचा भुकटी लावल्यासारखा मंद निळा रंग मात्र जन्मजात आणि निरोगी असतो. झळाळी हीच दोघांतली खूण.

प्रश्न : पहिल्यांदाच आयसोपॉड पाळायचे आहेत. ‘रबर डकी’ म्हणतात ते पिवळ्या तोंडाचे क्युबॅरिस घ्यावेत असे मनात आहे. शिवाय घरी सरडा आहे, त्याच्या काचपेटीत सफाईसाठीही ते सोडता येतील काय?

उत्तर : दोन्ही बेत पुढे ढकलावेत. रबर डकी थायलंडमधल्या चुनखडीच्या प्रदेशातून आलेली जात आहे. तिला उबदार, बरीच ओलसर आणि स्थिर परिस्थिती लागते, ती बहुतेक वेळ मातीत दडून राहते आणि तिला एका वेळी थोडीच पिल्ले होतात. नवख्याच्या हातून झालेले नुकसान ती सहजी भरून काढत नाही. आर्माडिलिडियम वल्गेअर, पॉर्सेलिओ स्केबर किंवा पॉर्सेलिओनिडीस प्रुइनोसस यांपैकी एखाद्या जातीपासून सुरुवात करावी. त्या काटक आहेत, वर बाहेर फिरतात आणि पाळणाऱ्याला ओलाव्याचा अंदाज शिकण्याइतकी सवलत देतात. दहा-पंधरा प्राण्यांपासून सुरुवात करावी आणि एका डब्यात एकच जात ठेवावी. दोन जाती एकत्र ठेवल्या तर वेगाने वाढणारी जात दुसरीला हळूहळू हटवते.

काचपेटीसाठी लहान, पांढऱ्या ट्रायकोऱ्हायना टोमेंटोसा अधिक योग्य आहेत. त्या मातीतच राहतात, विष्ठा आणि बुरशी साफ करतात, आणि त्यांच्या माद्या नराविना पिल्लांना जन्म देतात, त्यामुळे त्यांची संख्या टिकते. मात्र काचपेटीत एक ओलसर कोपरा असावा लागतो. पॉर्सेलिओ लेव्हिस ही मोठी, प्रथिनांसाठी हावरी जात सरड्यासोबत ठेवू नये. कात टाकणाऱ्या, आजारी किंवा निजलेल्या प्राण्याला ती कुरतडू शकते.

प्रश्न : दोन वर्षांत माझ्या डब्यातली संख्या शेकड्यांवर गेली आहे. जादा आयसोपॉड बागेत सोडून द्यावेत असे वाटते. ते तर माती सुधारतात ना?

उत्तर : पाचोळा बारीक करून मातीत मिसळण्याचे काम ते करतात हे खरे, पण आपल्याकडचे प्राणी मूळचे कुठले आहेत आणि त्यांच्यासोबत कोणते माइट, विषाणू किंवा जिवाणू जातील, याचा विचार आधी करायला हवा. आर्माडिलिडियम वल्गेअर भूमध्य समुद्राच्या परिसरातून माणसाच्या मालासोबत जगभर पसरला आणि काही शेतांत तो कोवळी रोपे कुरतडणारा उपद्रवी जीव ठरला आहे. बागेत सोडलेला प्राणी परत गोळा करता येत नाही, म्हणून परक्या जातीचा एकही प्राणी बाहेर सोडू नये, मग तो कितीही निरुपद्रवी वाटो.

संख्या आवरायची असेल तर प्रथिने आणि भाज्या बंद करून फक्त पाचोळ्यावर ठेवावे आणि तापमान वीस अंशांच्या आसपास राहू द्यावे, पैदास मंदावते. जादा प्राणी दुसऱ्या पाळणाऱ्यांना द्यावेत, आणि देताना जातीचे नाव व ओलाव्याची गरज लिहून द्यावी. डबा पूर्ण रिकामा करायचा झाला तर आतली माती थेट कुंडीत किंवा बागेत टाकू नये. तिच्यात डोळ्यांना न दिसणारी पिल्ले हमखास असतात, म्हणून ती पिशवीत बांधून निदान दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावी आणि मगच वापरावी.